भोकवाले काका

ज्यात वरण टिकत नाही असे वाडगे जन्मभर करत बसलेला माणूस सगळ्या देवासात एकच होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. वाडगा लाकडाचा. घाट असा की एकदा हातात घेतला की खाली ठेववत नसे. आणि बुडाशी किंवा कुशीला एखादं भोक. कधी मुगाएवढं, कधी बोट जाईल एवढं. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव भोकवाले काका ठेवलं, आणि पुढे मोठी माणसंही त्यांच्या तोंडावर तेच म्हणू लागली. काकांना त्याचा कधी राग आला नाही. "नाव खोटं आहे का? नाही ना? मग चालू द्या भिया," म्हणायचे.

काकांचे पूर्वज कातारी. देवासच्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दरबाराबरोबर ते दक्षिणेतून माळव्यात आले. पाळण्याचे खांब, पलंगाचे खूर, बुद्धिबळाची प्यादी, राजवाड्यातल्या मुलांचे भोवरे, असलं सगळं त्यांच्या खरादीवर उतरायचं. लाकूड गरगर फिरवायचं आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून ते गोल कोरायचं, ते यंत्र म्हणजे खराद. पूर्वी ती दोरीने ओढत, काकांच्या वेळेला तिला मोटर लागली होती. दरबार गेले, पाळणे प्लास्टिकचे झाले, काकांचे भाऊ एकेक करून कारखान्यांत लागले. काका मात्र खरादीला चिकटून राहिले, आणि तेही सरळ लाकूड सोडून गाठींच्या नादी लागले.

माणसाच्या मानेवर आवाळू येतं ना, तसं काही झाडांच्या बुंध्यावरही येतं. कधी कीड लागते, कधी कुऱ्हाडीचा घाव बसतो, आणि त्या जागी झाड वेडंवाकडं वाढून बसतं. सुतार त्या गाठीकडे बघून नाक मुरडतो, कारण तिच्यावर रंधा चालत नाही आणि तिच्यात खिळा शिरत नाही. वखारवाला ती सरपणात टाकतो. काका अशा गाठी हुडकत सतवासच्या वखारी पालथ्या घालायचे, तिरल्याच्या बाजूला रस्त्यासाठी झाडं पाडली की तिथे जाऊन उभे राहायचे, आणि मिळालेली गाठ जुन्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन बसने परत यायचे. एकदा एका बाईने आत तान्हं मूल आहे असं समजून त्यांना स्वतःची जागा दिली. काकांनी तिथल्या तिथे धोतर उघडून गाठ दाखवली. जागा परत गेली आणि काका इंदूरपर्यंत उभे राहून आले. ही हकीकत सांगताना काकू कपाळाला हात लावायच्या. काकांना मात्र त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळत नसे.

गाठीच्या पोटात काय असेल ते बाहेरून कळत नाही. काका ती खरादीवर चढवायचे आणि वरची साल उडाली की आतून पाण्यात भोवरे फिरावेत तसल्या रेषा निघायच्या. पण त्या रेषांच्या मधोमध कुठेतरी किडीने केलेलं बीळ, नाहीतर आत अडकलेल्या सालीचा काळा खड्डा हमखास असायचा. दुसरा कुणी असता तर त्याने लाकडाची भुकटी सरसात कालवून तो खड्डा भरला असता, वरून घोटून पॉलिश केलं असतं आणि वाडगा विकला असता. इंदूरच्या एका दुकानदाराने काकांना हेच सुचवलं. म्हणाला, "अंकल, बस ये छेद भर दो, जितना बनाओगे उतना उठा लूँगा." काकांनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. मी विचारलं, "काका, भरलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते भुवयांवरचा भुसा झाडत म्हणाले, "त्या झाडाला जे झालं ते झालं, पोरी. आपण कोण लपवणारे?"

हा हट्ट त्यांनी लाकडापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. आमच्या आत्याच्या मुलीच्या लग्नात काकांनी आहेर म्हणून वाडगा दिला. शिसवीचा, काळाभोर, आणि कुशीला भोक. मुलीच्या सासूबाई म्हणाल्या, भोक पडलेलं भांडं कुठे देतात हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे, मांडवात कुणी देत नाही. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरच्या चाळणीला किती भोकं आहेत? पीठ चाळता ना तिच्यात?" लोक हसले, सासूबाई हसल्या नाहीत, आणि आमच्या आत्याने वर्षभर काकांशी अबोला धरला. वाडगा त्या मुलीने मात्र जपून ठेवला आहे. त्यात ती लसणाच्या कुड्या ठेवते आणि म्हणते, हवा लागते म्हणून टिकतात.

बोलण्यातही त्यांचं तेच. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी शेजारी म्हणून चौकशी केली, तर काका सांगायचे, "मुलगी गुणाची आहे. डाव्या कानाने कमी ऐकते, तेवढं उजवीकडून बोला." मराठी घरं आमच्याकडे आधीच मोजकी, स्थळं दुर्मीळ, आणि त्यात हे असले शेजारी! लोक पाहुण्यांना मागच्या गल्लीने आणायला लागले. पण कुणाच्या घरी वाटणीचं भांडण लागलं, कुणाचा शब्द खरा आणि कुणाचा खोटा असा प्रश्न आला, की काकांनाच बोलावणं यायचं. काका बोलले म्हणजे ते तसंच असणार, यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं एकमत असायचं.

घाईचं त्यांना वावडं होतं. ओल्या गाठीचा वाडगा आधी जाड उतरवायचा, मग गव्हाच्या भुशाने भरलेल्या कोठीत पुरून ठेवायचा, आणि दोन उन्हाळे त्याचं नाव काढायचं नाही, ही त्यांची रीत. मधूनच हात घालून एखादा बाहेर काढायचे आणि गालाला लावायचे. गार लागला तर आत अजून पाणी आहे, परत भुशात. "सरळ लाकूड एका बाजूला ओढतं, गाठ दहा बाजूंना ओढते," म्हणायचे. "तिला आपापसात भांडून घेऊ द्यावं. मध्ये पडलं की फाटते." काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नालाही ह्यांनी दोन उन्हाळे लावले. मीही तेव्हा गालालाच लावून बघायची वस्तू होते बहुतेक." काकूंना मूलबाळ नव्हतं. घर त्यांनी विनोदावर चालवलं.

काका जगात एकाच माणसाला भीत. ती त्यांची थोरली बहीण. जुन्या घरांतल्या रिवाजाप्रमाणे तिला सगळे जिजी म्हणत. काकांची आई लवकर गेली, तेव्हा जिजीने परकराच्या वयात ह्यांना वाढवलं. वडील खरादीवर असताना भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती ह्यांना पाठीशी बांधून स्वयंपाक करायची. मग तिचं लग्न झालं ते धरमपुरीला, नर्मदेच्या काठी शेती असलेल्या एका मराठी घरात. काका तेव्हा लहान होते. ती निघाली तेव्हा तिच्या पाठोपाठ बैलगाडीमागे पळाले आणि वेशीबाहेर ठेचकाळून पडले, त्याची खूण त्यांच्या हनुवटीवर होती. दर भाऊबीजेला ते धरमपुरीला जात. जिजी ओवाळायची, आणि ओवाळून झालं की रागवायची. केस का वाढलेत, खोकला का जात नाही, तोंडाला फडकं बांधून काम का करत नाहीस. पन्नाशी उलटलेले काका मान खाली घालून ऐकायचे.

जिजीच्या अंगणात एक निंब होता. त्याला झोपाळ्याची दोरी बांधायला गुडघ्याजवळ लोखंडी कडी ठोकलेली, आणि कमरेइतक्या उंचीवर ही मोठी गाठ. गाठीत बोट जाईल एवढा खळगा होता. निंब म्हणजे शीतलामाईचं झाड, तेव्हा लग्न होऊन आल्या दिवसापासून जिजी रोज अंघोळीनंतर त्या खळग्यात बोटाने कुंकू भरायची. मुलांच्या गोवरात तिथेच नवस बोलली, नवरा गेला तेव्हा तिथेच डोकं टेकून बसली. काका दर वेळी त्या गाठीवर हात फिरवून म्हणायचे, "जिजी, काय माल आहे गं!" आणि जिजी त्यांच्या हातावर चापट मारायची. "माझ्या आईला हात लावायचा नाही."

मग खालच्या बाजूला नदी अडवली आणि पाणी मागे सरकत सरकत वर चढलं. जिजीच्या आळीला उठावं लागलं. उंचावर नव्या वस्तीत प्लॉट मिळाले, पक्की घरं झाली. आळीतल्या बायकांनी ओट्यावरचे दगडाचे देव वाजतगाजत वर नेले. निंब कोण नेणार? पहिल्या वर्षी तो पाण्यात हिरवा उभा होता. पुढच्या वर्षी त्याने पानं टाकली आणि परत धरली नाहीत. जिजी नव्या घराच्या ओट्यावर नदीकडे तोंड करून बसायची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दिसत काही नव्हतं, पण तोंड तिकडेच. मुन्नाभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, आम्हाला फोनवर सांगायचा, "मामा, आई कुछ खाती ही नहीं. सकाळी अंघोळ केली की बोट कुंकवात बुडवते आणि मग ते बोट तसंच धरून बसून राहते."

मागच्या शिवरात्रीनंतर मुन्नाभाऊचा फोन आला की डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं आहे, आता फार दिवस नाहीत. काका माझ्याकडे आले. मला गाडी चालवता येते हे माझ्यातलं एकमेव शहाणपण, असं त्यांचं मत होतं. मी शिकवते त्या शाळेला दोन दिवस सुटी होती. आम्ही दुपारी धरमपुरीला पोचलो. जिजी खाटेवर एवढीशी झाली होती. काकांचा हात चाचपडून तिने धरला आणि म्हणाली, "दत्तू, जन्मभर जगाच्या झाडांच्या गाठी कापत आलास. माझ्या निंबाची तेवढी आणून दे. तुझ्या हातचा वाडगा करून दे. मला तो उशाशी घेऊन जाऊ दे."

"आणतो," काका म्हणाले. जिजीला ते कधी नाही म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नावेत बसलो. काका, मुन्नाभाऊ, नाववाला आणि मी. पाणी उतरणीला लागलं होतं, तरी आळीवर अजून मांडीपर्यंत होतं. पाण्यातून सात-आठ वाळकी झाडं वर आलेली, घरांचा मागमूस नाही. देवळाचं शिखर आणि टेकडीवरची टाकी एका रेषेत धरून मुन्नाभाऊने नाव एका खोडाशी आणली. काकांनी पाण्यात हात घातला आणि बुंधा चाचपला. मग माझा हात धरून खाली नेला. शेवाळाखाली लोखंडाची कडी माझ्या बोटांना लागली, निम्मी लाकडात गेलेली. "ये कड़ी मेरे सामने ठोकी थी बाबूजी ने," मुन्नाभाऊ म्हणाला आणि रडायला लागला. गाठ कडीच्या वर, पाण्याबाहेर होती. ती करवतायला काका आणि मुन्नाभाऊ आळीपाळीने लागले, नाव हलत होती, काकांना खोकल्याची उबळ येत होती. गाठ सुटली तेव्हा तिच्यातला खळगा मी पाहिला. कुंकू केव्हाच धुऊन गेलं होतं, पण आतला रंग बाकीच्या लाकडाहून वेगळा, तांबूस होता.

गाठ पाणी पिऊन फुगलेली, एका बाजूने कुजलेली. काकांनी ती गालाला लावली नाही. लावायची गरजच नव्हती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "ह्या गाठीला दोन नाही, चार उन्हाळे पाहिजेत. आणि आपल्याजवळ चैत्रही नाही."

देवासला आल्यावर काकांनी गाठीचे तीन तुकडे पाडले. खळगा असलेला तुकडा बाजूला ठेवला. कुजकट बाजूचा आधी खरादीवर चढवला, हात बसावा म्हणून. तो फिरता फिरता फुटला आणि एक ढलपी काकांच्या कपाळाला लागली. काकू हळद घेऊन धावल्या, काकांनी हळद लावून घेतली आणि दुसरा तुकडा चढवला. तो पातळ उतरवला आणि काकूंच्या वरणाच्या मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला. उकळलं की लाकडाची ओढ कमी होते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, पण आयुष्यात कधी केलं नव्हतं. घरभर कडू वाफ. काकू म्हणाल्या, "आजवर ह्यांच्या वाडग्यात वरण राहिलं नाही, आता वरणाच्या पातेल्यात वाडगा राहतोय." कुणी हसलं नाही, त्याही नाही. तो वाडगा सावलीत ठेवला आणि सकाळी बघितला तर काठापासून बुडापर्यंत उलला होता.

राहिला एक तुकडा. खळग्याचा. काकांनी तो दोन दिवस नुसता समोर ठेवला. मुन्नाभाऊचे फोन येत होते. मग त्यांनी तो उतरवला, आणि मी त्यांचे इतके वाडगे पाहिले आहेत, पण तसला पाहिला नाही. कुशीला तो खळगा आरपार उघडला होता, आणि त्याच्याभोवती रेषा फिरत फिरत काठापर्यंत गेल्या होत्या. तो उकळला, सावलीत ठेवला, आणि संध्याकाळी खळग्याच्या तोंडाशी केसासारखी चीर दिसली. सकाळपर्यंत ती नखाएवढी झाली. काका तिच्याकडे बघत बसले होते. सुकू दिला तर फाटणार. थांबवायचा एकच उपाय होता, आणि तो त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. चिरेत आणि खळग्यात भुकटी आणि सरस ठासून भरायचा, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींना धरून राहतात.

त्यांनी त्याच निंबाचा भुसा गोळा केला, सरस तापवला आणि खळगा भरला. मी तिथेच होते. घोटून झाल्यावर कुठे भोक होतं ते बघून कळेना, बोटालाही लागेना, असं सफाईचं काम. इंदूरच्या त्या दुकानदाराने हातोहात उचलला असता. काकू दाराशी उभ्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

धरमपुरीला गेलो तेव्हा जिजी शुद्धीवर होती. काकांनी वाडगा तिच्या दोन्ही हातांत दिला. "जिजी, तुझा निंब." तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने काठावरून हात फिरवला, बुडाखालून फिरवला, मग उजव्या हाताचं कुंकवाचं बोट कुशीवरून फिरू लागलं. परत फिरलं. परत. ती शोधत होती. आम्हाला सगळ्यांना कळलं ती काय शोधते आहे.

"खळगा कुठे रे?"

"भरला जिजी. फाटत होता, म्हणून भरला."

"कुणी भरला?"

"मी."

जिजी हसली. "माझा दत्तू भोक बुजवायचा नाही. जीव गेला तरी नाही. एवढंसं भोक भरलं नाही म्हणून मांडवात भांडण ओढवून घेणारा माझा भाऊ."

"जिजी, तुझ्यासाठी भरला गं."

मुन्नाभाऊ म्हणाला, "आई, खरंच. मी स्वतः नावेत होतो. आपलाच निंब आहे." मीही म्हणाले. वाडगा उकळल्यामुळे त्याला वासही उरला नव्हता, नाहीतर वासाने तरी तिला ओळखता आला असता. जिजीने वाडगा खाटेवर बाजूला ठेवला आणि हात पुढे करून काकांचा गाल शोधला. "असू दे रे," ती म्हणाली. "पाण्यात गेलेलं तू तरी कुठून आणणार? बाजारातून का होईना, आणलास. म्हातारीचं मन राखायला एवढा धावलास, पुष्कळ झालं. पण माझ्याशी खोटं बोलू नये, बाळा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने क्षमा केली. काकांनी जन्मात न बोललेल्या खोट्याची तिने त्यांना क्षमा केली, आणि काकांना ती घ्यावी लागली.

काका वाडगा घेऊन ओट्यावर आले. मुन्नाभाऊकडून दाभण मागून घेतला आणि खळग्यातला सरस टोकरायला बसले. सरस वाळून दगड झाला होता. जोर लावावा तर वाडगा फुटेल, नाही लावावा तर निघत नाही. चहा आला तो गार झाला. उन्हं ओट्यावरून उतरली तेव्हा खळगा मोकळा झाला. काका जवळजवळ पळतच आत गेले. पण दुपारी झोपलेली जिजी जागी होत नव्हती. श्वास चालू होता, हाक पोचत नव्हती. काकांनी तिचं बोट धरून खळग्यात ठेवलं आणि हाका मारत राहिले, "जिजी, बघ गं. हे बघ. लागलं का बोटाला?" बोट ठेवलं तसंच राहिलं. मुन्नाभाऊने शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, रहने दो अब."

जिजी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. तोपर्यंत मोकळ्या झालेल्या खळग्यापासून चीर निघून काठाला पोचली होती. घाटावर काकांनी वाडगा चितेवर ठेवला. मला तो हवा होता, आणि तसं मी बोलूनही गेले. काका म्हणाले, "तिचं होतं, तिला दिलं. तिने घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी."

त्यानंतर काकांनी खरादीची मोटर चालू केली नाही. भुशातले वाडगे भुशातच राहिले. माणूस एका घावाने पडत नाही असं म्हणतात, पण काका पडले. खोकला वाढला, पावसाळ्यात इंदूरच्या इस्पितळात ठेवावं लागलं. मी रविवारी जायची. सुरुवातीला ते विचारायचे, "तू नावेत होतीस ना?" मी म्हणायची, होते. "कडी होती ना?" मी म्हणायची, होती काका, तुम्हीच माझा हात धरून दाखवली. तेवढ्याने त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. पुढच्या रविवारी परत तेच. मग एकदा म्हणाले, "झोपाळ्याची कडी तर त्या आळीत सगळ्याच निंबांना होती." मी म्हटलं, मुन्नाभाऊने ओळखली. "मुन्ना मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. तूही." मी चिडले. आजारी माणसावर चिडू नये, पण चिडले. म्हटलं, काका, खळगा होता, तांबूस होता, मी डोळ्यांनी पाहिला! ते छताकडे बघत म्हणाले, "जिजी हाताने सांगत होती, पोरी. पन्नास वर्षं बोट घातलं तिने त्याच्यात. ती चुकेल का? मीच घाईत दुसरं झाड कापलं असेल."

शेवटच्या भेटीत त्यांनी काही विचारलं नाही. काकूंनी पाणी पाजलं, ते त्यांनी प्यायलं. मी निघाले तेव्हा म्हणाले, "जिजीला मी खोटं दिलं बघ." त्यांच्या आवाजात शंका उरलेली नव्हती. दोन दिवसांनी ते गेले, आणि हेच खरं धरून गेले. काकू आता भाच्याकडे उज्जैनला राहतात. त्यांच्याशी मी फोनवर बोलते, पण हा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

शाळा हिंदीत झाल्यामुळे मराठी लिहिण्याची मला सवय नाही, चुका होतात. तरी लिहिलं. काकांना मी सांगितलं ते त्यांना वाटलं धीर द्यायला सांगते आहे. जिजीला सांगितलं, तिलाही तेच वाटलं. आता धीर द्यायला दोघांपैकी कुणी उरलेलं नाही, तेव्हा आता तरी माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. मी त्या नावेत होते. माझा हात पाण्यात होता. निंब जिजीचाच होता.